शिशाच्या अक्षरांचे जुळारी

आमच्या महाविद्यालयाचें वार्षिक छापून घेण्याचें काम आमच्याकडे प्रथम आलें, तेव्हां आम्ही नुकतेच अध्यापक झालों होतों. गांवांत संगणकावर अक्षरजुळणी करणारीं दुकानें उघडूं लागलीं होतीं. परंतु ज्या जुन्या छापखान्यांत वार्षिक वर्षानुवर्षें छापलें जाई, तेथें अद्याप हातानेंच खिळे जुळवीत. मुद्रितें तपासण्यासाठीं आम्हांस तेथें बरेच दिवस बसावें लागलें. तेथील वृद्ध जुळाऱ्यास लहानथोर सर्वच काका म्हणत. उजव्या हातानें खणांतून खिळा उचलावा, डाव्या हातांतील पट्टींत ठेवावा, आणि दृष्टि मात्र हस्तलिखितावरून हलूं नये, असा त्यांचा क्रम सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चाले. उलट्या अक्षरांचा फर्मा ते, आपण सरळ मजकूर वाचतों त्याहून वेगानें वाचीत. एकदां आमच्याच लेखांतील एका संस्कृत अवतरणावर बोट ठेवून, "सर, हा शब्द मूळांत असाच आहे का?" असें त्यांनीं भीतभीत विचारलें. शब्द तसा नव्हता. चूक आमची होती, व ती आम्हीं मुकाट्यानें दुरुस्त केली. पुढें दोन वर्षांनीं तो छापखाना बंद पडला व खिळे वजनावर विकले गेले. काकांचें काय झालें याची चौकशी करण्याचें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं, याची आज हें लिहितांना लाज वाटते.

मुद्रणकलेच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें आहेत, मालकांचीं आहेत, संपादकांचीं तर आहेतच. ज्यांच्या हातून रोजचें पत्र प्रत्यक्ष तयार होई, त्या जुळाऱ्यांचा व छपाईवाल्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या यंत्रानें त्यांची गरज संपविली त्या प्रसंगींच होतो. पण विचार करण्यासारखी गोष्ट तेथेंच सुरू होते. या धंद्याचें स्वरूप समूळ पालटून टाकणारें यंत्र दोन-तीन पिढ्यांतून एकदां येतें. मनुष्य आपल्या धंद्यांत चाळीस-पन्नास वर्षें घालवितो. त्यामुळें पुष्कळांच्या वांट्यास हा पालट येतच नाहीं. ज्या एका पिढीच्या वांट्यास येतो, तिला मात्र त्याची सर्व किंमत एकटीनें मोजावी लागते, आणि लाभ पुढच्या सर्वांस होतो. ही किंमत कोणीं द्यावी, हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या छपाईंत फार स्पष्टपणें उभा राहिला, आणि लंडन व न्यूयॉर्क या दोन शहरांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. तीं उत्तरें एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याचा येथें विचार आहे.

पहिला प्रसंग लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा. १८१४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २८ तारखेची रात्र होती. त्या काळीं पत्र हातदाबाच्या यंत्रावर छापीत, आणि दोन माणसांनीं घाम गाळला तरी तासाला अडीचशेंच्या आसपासच कागद निघत. पत्राचा मालक दुसरा जॉन वॉल्टर यानें फ्रीड्रिख कोनिग नांवाच्या जर्मन कारागिराकडून वाफेवर चालणारें यंत्र करवून घेतलें होतें, व तें शेजारच्या इमारतींत गुपचूप उभें केलें होतें. गुप्ततेचें कारण उघड होतें. विणकरांनीं यंत्रें फोडल्याच्या वार्ता ताज्या होत्या, आणि त्या अपराधास देहान्त शिक्षा सांगणारा कायदा होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. त्या रात्रीं वॉल्टरनें छपाईच्या लोकांस, परदेशची महत्त्वाची बातमी यावयाची आहे, असें सांगून थांबवून ठेवलें. पहांटे सहाच्या सुमारास तो छापलेले अंक घेऊन आला, आणि आजचें पत्र वाफेनें छापून झालें आहे, असें त्यानें जाहीर केलें. दंगा केलात तर बंदोबस्त तयार आहे. शांत राहिलांत तर दुसरीकडे तसेंच काम मिळेपर्यंत प्रत्येकाचें वेतन चालूं राहील, असें त्यानें पुढें सांगितलें. नवें यंत्र तासाला अकराशें कागद काढीत होतें. लोक शांत राहिले.

या प्रसंगांत कपट आहे, धाक आहे, आणि एक वचनहि आहे. या तिन्ही गोष्टी वाचकांनीं लक्षांत ठेवाव्यात. कारण त्याच पत्राच्या इतिहासांत पुढें पावणेदोनशें वर्षांनीं त्यांपैकीं दोहोंची पुनरावृत्ति झाली.

छपाईस वाफ मिळाली, तरी जुळणी हाताचीच राहिली. गुटेनबर्गच्या काळापासून चारशें वर्षें जुळारी एक-एक खिळा उचलीत, ओळ भरीत, आणि छापून झाल्यावर तेच खिळे ज्याच्या त्याच्या खणांत परत टाकीत. यंत्र तासाला हजारों प्रती काढूं लागलें, पण तितक्या वेगानें मजकूर जुळेना. हें काम यंत्राकडून करवून घेण्याच्या खटपटींत पुष्कळांचे पैसे बुडाले. विनोदी ग्रंथकार मार्क ट्वेन हा त्यांपैकीं एक. लहानपणीं त्यानें स्वतः छापखान्यांत उमेदवारी केलेली. त्यामुळें जुळणीचे कष्ट त्याला ठाऊक होते. जेम्स पेज नांवाच्या एका शोधकाच्या यंत्रावर त्यानें सुमारें तीन लाख डॉलर घातले. त्या यंत्राचे अठरा हजार भाग होते, आणि तें माणसाच्या हाताप्रमाणेंच एक-एक खिळा उचलून जुळवी. पण वारंवार बिघडे. १८९४ सालीं मार्क ट्वेनचें दिवाळें वाजलें.

ज्या यंत्रानें बाजी मारली, त्याच्या शोधकानें माणसाच्या हाताची नक्कल करण्याचा नादच सोडला होता. ऑटमार मेर्गेन्थालर हा १८५४ सालीं जर्मनींत जन्मला. घड्याळें करण्याचें काम शिकला, आणि १८७२ सालीं अमेरिकेस गेला. खिळे जुळविण्याऐवजीं खिळ्यांचे सांचे जुळवावे व त्यांत शिशाचा रस ओतून सबंध ओळच एकसंध पाडावी, ही त्याची कल्पना. कळ दाबली कीं त्या अक्षराची पितळी मातृका वरच्या पेटींतून घरंगळत खालीं येई. ओळ भरत आली कीं शब्दांमधील पाचरी वर सरकून ती बरोबर मापाची करीत. मग शिसें, अंटिमनी व कथील यांचा वितळलेला रस मातृकांच्या पाठीशीं येऊन थडके, आणि चकचकीत ऊन ओळ बाहेर पडे. सर्वांत नवल पुढेंच होतें. एक लांब हात खालीं येऊन वापरलेल्या मातृका उचलून वर नेई, आणि प्रत्येकीच्या कडेला असलेल्या दांत्यांच्या खुणेवरून ती आपोआप आपल्याच खणांत पडे. १८८६ सालच्या जुलैच्या ३ तारखेस 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' पत्राच्या छापखान्यांत हें यंत्र प्रथम चाललें. त्याचें नांव लायनोटाइप, म्हणजे खिळ्यांची ओळ. तें एकटें चार-पांच जुळाऱ्यांचें काम करी. मेर्गेन्थालर १८९९ सालीं, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, क्षयानें वारला.

चार-पांच माणसांचें काम एक यंत्र करूं लागल्यावर जुळाऱ्यांचा नायनाट व्हावा, असें कोणासहि वाटेल. तसें झालें नाहीं, याचीं कारणें दोन. यंत्रामुळें जुळणी स्वस्त झाली, त्यामुळें पत्रांचीं पानें व पत्रांची संख्या दोन्ही वाढलीं. दुसरें कारण कामगारांच्या शहाणपणाचें. अमेरिकेंतील जुळाऱ्यांचा संघ १८५२ सालचा, त्या देशांतील अगदीं जुन्या संघांपैकीं एक. त्यानें यंत्राविरुद्ध युद्ध पुकारलें नाहीं; यंत्र येऊं द्या, पण त्यापुढें बसेल तो आमच्या धंद्यांत तयार झालेला माणूस असेल व त्याला संघाच्या दरानेंच वेतन मिळेल, असा आग्रह त्यानें १८९० च्या सुमारास धरला व पुष्कळ ठिकाणीं तडीस नेला. यंत्र कारागिराच्या हातीं आलें, आणि कारागिरी टिकली.

पुढें जवळजवळ नव्वद वर्षें हा धंदा म्हणजे एक लहानसें राज्यच होतें. मुलगा शाळा सोडून आला कीं त्याला सहा वर्षें उमेदवारी करावी लागे. त्यानंतर तो पुरा कारागीर होई, आणि मग केंस पांढरे होईपर्यंत तेथेंच राही. छापखान्यांतील कामगारांच्या मंडळास इंग्रजींत 'चॅपेल', म्हणजे प्रार्थनामंदिर, असें जुनें नांव आहे, व इंग्लंडांत त्याच्या प्रमुखास 'फादर' म्हणत. यंत्रांच्या खडखडाटांत बोलणें ऐकूं येत नसे; म्हणून मूकबधिरांच्या शाळांतून मुद्रण शिकवीत, आणि अनेक मूकबधिर माणसें या धंद्यांत सन्मानानें पोट भरीत. क्षय हा जुळाऱ्यांचा पिढीजात रोग. अशा आजारी व वृद्ध सभासदांकरितां संघानें कॉलोराडो स्प्रिंग्ज येथें १८९२ सालीं स्वतःचें निवासगृह उघडलें. लायनोटाइपच्या नव्वद कळा अक्षरांच्या वापराच्या क्रमानें मांडलेल्या असत. ओळींत चूक झाली, तर कारागीर डाव्या बाजूच्या पहिल्या दोन रांगांवरून बोटें फिरवून ती ओळ भरून टाकी. त्यामुळें 'इटॉइन श्रड्लू' असे निरर्थक शब्द उमटत. ती ओळ काढून टाकावयाची असे. पण घाईंत कधीं ती तशीच छापली जाई, आणि सकाळीं चहा पितां पितां वाचक बुचकळ्यांत पडे. कारागिराचें अस्तित्व वाचकास जाणवे तें एवढेंच.

या राज्यांत सर्वच गुण होते असें मात्र नाहीं. जाहिरातीचा सांचा बाहेरून तयार आला, तरी तोच मजकूर पुन्हां जुळवावयाचा, तपासावयाचा, आणि न छापतां वितळवून टाकावयाचा, असा दंडक संघानें मालकांवर लादला होता. या कामास तेथील लोक 'बोगस' म्हणत. शब्द आपल्याकडेहि परिचयाचा आहे. कामें टिकविण्यासाठीं व्यर्थ श्रम करावयाचे, हें कारागिराच्या स्वाभिमानास शोभणारें नव्हे. १९६२ सालच्या डिसेंबरच्या ८ तारखेस न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांनीं बर्ट्राम पॉवर्स यांच्या नेतृत्वाखालीं संप केला. नवीं यंत्रें आलीं तर होणाऱ्या बचतींत आमचाहि वांटा असावा, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा. संप ११४ दिवस चालला. कामगारांच्या पदरांत कांहीं पडलें. पण १९६३ सालच्या ऑक्टोबरांत 'मिरर' पत्र बंद झालें, आणि संपापूर्वीं शहरांत सात मोठीं इंग्रजी दैनिकें होतीं तेथें १९६७ अखेर तीनच उरलीं. दूरचित्रवाणी व उपनगरांकडे गेलेले वाचक हींहि त्याचीं कारणें होतीं. तथापि संपाचा वांटा लहान नव्हता. झाडाच्या फांदीसाठीं भांडतां भांडतां झाडच वाळूं लागलें.

या अनुभवानें उभय पक्ष शहाणे झाले असावेत. १९७४ सालीं न्यूयॉर्कच्या 'टाइम्स' व 'डेली न्यूज' या पत्रांनीं जुळाऱ्यांच्या संघाशीं जो करार केला, तो आमच्या मतें या सबंध इतिहासांतील अत्यंत विचारार्ह कागद होय. मालकांस हवीं तीं संगणकयंत्रें आणण्याची मोकळीक मिळाली. त्याच्या बदल्यांत, त्या वेळीं कायम असलेल्या प्रत्येक जुळाऱ्यास हयातभर नोकरीची हमी मिळाली. नवे उमेदवार घ्यावयाचे नाहींत; असलेले लोक वयपरत्वें निवृत्त होतील तसतसा हा वर्ग आपोआप संपेल, असा त्याचा अर्थ. संघानें आपल्या धंद्याच्या मृत्युपत्रावरच सही केली, पण धंद्याबरोबर माणसें मरूं दिलीं नाहींत.

१९७८ सालच्या जुलैच्या १ तारखेस रात्रीं 'न्यूयॉर्क टाइम्स'चा अंक शिशाच्या अक्षरांनीं शेवटचा जुळविला गेला. मेर्गेन्थालरचें यंत्र प्रथम चाललें, त्यास ब्याण्णव वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस कमी होते. त्या पत्राच्या छापखान्यांत मुद्रितें तपासणारे डेव्हिड लोब वाइस यांनीं त्या रात्रीचा एक बोलपट करून ठेवला आहे, आणि त्यांतील निवेदन कार्ल श्लेसिंजर या तेथल्याच लायनोटाइप-कारागिराचें आहे. बोलपटाच्या नांवांत त्याच दोन निरर्थक शब्दांना निरोप दिलेला आहे. तो पाहतांना आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, शेवटचें पान वेळेवर बंद करण्याची घाई रोजच्यासारखीच आहे. कोणी भाषण करीत नाहीं. एक कारागीर एवढेंच सांगतो कीं, सव्वीस वर्षांत मिळविलेली आपली सारी विद्या आतां एका लहानशा पेटींत बंद झाली आहे. कांहींनीं यंत्राबरोबरच निवृत्त होणें पसंत केलें. बाकीचे नवें काम शिकले, आणि कागदावर छापून आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कातरून पानावर चिकटवूं लागले. पुढें तेंहि काम संगणकानें घेतलें. पगार मात्र वचनाप्रमाणें चालूं राहिला.

आतां पुन्हां लंडनकडे वळूं. तेथील पत्रांच्या छापखान्यांत गरजेहून अधिक माणसें, जुन्या हक्कांचे हट्ट आणि वारंवार पडणारे संप, हें दुखणें फार दिवसांचें होतें. 'टाइम्स' पत्र याच वादांत १९७८ सालच्या डिसेंबरपासून जवळजवळ वर्षभर बंद राहिलें. नंतर तें रूपर्ट मर्डोक यांच्याकडे आलें. त्यांनीं वॉपिंग येथें नवा छापखाना उभारला, व तो लंडनसाठीं काढावयाच्या एका नव्या सायंदैनिकाकरितां आहे, असें सांगण्यांत येत असे. १९८६ सालच्या जानेवारीच्या २४ तारखेस कामगारांनीं संप पुकारला. सुमारें साडेपांच हजार लोकांस बडतर्फीच्या नोटिसा मिळाल्या, आणि मर्डोक यांचीं चारहि पत्रें वॉपिंगहून निघूं लागलीं. कुंपणाबाहेर वर्षाहून अधिक काळ निदर्शनें चाललीं, मारामाऱ्या झाल्या. १९८७ च्या फेब्रुवारींत संघांनीं हार पत्करली. १८१४ सालची गुप्त तयारी व बंदोबस्त हीं दोन्हीं येथें होतीं. पण पहांटे येऊन वेतनाचें वचन देणारा वॉल्टर नव्हता. तडजोडीची कांहीं रक्कम पुढें देण्यांत आली. नोकऱ्या परत मिळाल्या नाहींत.

वॉपिंगचें समर्थन करणारे सांगतात कीं, हें झालें नसतें तर लंडनचीं पत्रें जगलीं नसतीं, आणि त्याच वर्षीं 'इंडिपेंडंट'सारखें नवें पत्र निघूं शकलें तें या पालटामुळेंच. यांत तथ्य आहे. शिशाचीं अक्षरें जावयाचीं होतींच. त्यांचें जाणें न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांनींहि थांबविलें नाहीं. परंतु यंत्र एकच असतां दोन शहरांतील माणसांची गति इतकी वेगळी झाली, यावरून आम्हांस असें दिसतें कीं, माणसांचें काय होणार हें यंत्र ठरवीत नाहीं. तें करारावर, उभय पक्षांच्या अकलेवर आणि धीरावर ठरतें. हयातभराची हमी ऐकावयास फार मोठी वाटते. पण मनुष्याची हयातच मर्यादित. तेव्हां त्याला दिलेली हमीहि मर्यादितच असते. वीस-तीस वर्षांत ती आपोआप फिटते. उलट यंत्रापासूनचा लाभ पिढ्यान् पिढ्या चालतो. एवढ्या लाभांतून एका पिढीचें देणें भागवितां येत नाहीं, असें म्हणणें हिशेबासहि धरून नाहीं. वॉल्टर कांहीं साधुपुरुष नव्हता, व्यवहारी मनुष्य होता. आणि ही गोष्ट त्याला १८१४ सालींच उमगली होती.

आपल्याकडे या इतिहासाचा धागा पोंचतो, पण निराळ्या रीतीनें. 'निर्णयसागर'चे संस्थापक जावजी दादाजी यांनीं लहानपणीं मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याचें काम केलें होतें. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनीं लंडन व न्यूयॉर्क येथें राहून एकाच वेळीं अनेक खिळे ओतणारें यंत्र शोधून काढलें. न्यूयॉर्कमध्येंच हरि गोविंद गोविल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत देवनागरी लायनोटाइपची रचना केली. तथापि जोडाक्षरें, वेलांट्या, उकार आणि रफार यांनीं भरलेली आमची लिपि नव्वद कळांत सुखानें मावेना. तिच्या शेंकडों खिळ्यांचे खण तोंडपाठ असणारा माणूसच छोट्या छापखान्यांस परवडे. म्हणून पश्चिमेंत जो कारागीर १८८६ नंतर मागें पडूं लागला, तो आमच्या पेठांतून आणखी शंभर वर्षें काम करीत राहिला. आणि संगणकाची जुळणी आली तेव्हां दहा-पंधरा वर्षांत नाहींसा झाला. मोठ्या दैनिकांतील कामगारांस संघटना व वेतनमंडळें यांचा कांहीं आधार होता. चार माणसांच्या छापखान्यांतील जुळाऱ्यास ना संघ होता, ना करार. त्याच्या बाबतींत संप झाला नाहीं, निदर्शनें झालीं नाहींत, आणि बोलपट तर कोण काढणार? छापखान्याचें दार एके दिवशीं उघडलें नाहीं, इतकेंच.

अमेरिकेंतील तो जुना संघ १९८६ च्या अखेरीस दुसऱ्या मोठ्या संघांत विलीन झाला. आतां खुद्द वर्तमानपत्रांचेंच आयुष्य ओसरूं लागलें आहे. सकाळच्या बातम्या लोक हातांतल्या दूरध्वनीवर वाचतात, आणि मोठमोठीं छपाईयंत्रें भंगारांत जात आहेत. ज्या संगणकानें जुळाऱ्याची जागा घेतली, त्यापुढें बसणाऱ्यांस, वार्ताहरांस, मुद्रितशोधकांस, आणि आमच्यासारख्या अध्यापकांसहि आतां तोच प्रश्न पडूं लागला आहे. तेव्हां हा इतिहास परक्याचा म्हणून वाचण्याचें कारण उरलेलें नाहीं.

हा लेख लिहितांना आम्हीं तें जुनें वार्षिक कपाटांतून काढून पाहिलें. १८६७ सालच्या कायद्यान्वयें मुद्रकाचें नांव व ठिकाण छापणें आवश्यक असे, त्याप्रमाणें शेवटच्या पानावर तें छापलेलें आहे. संपादक म्हणून आमचें नांव आहे, प्राचार्यांचें आहे, जाहिरातदारांचींहि आहेत. सबंध अंकांतील प्रत्येक अक्षर ज्यांनीं आपल्या हातानें उचलून ठेवलें, त्यांचें नांव कोठेंच नाहीं. तें आतां घालावें म्हटलें तर आम्हांस ठाऊक नाहीं; आम्ही त्यांस काकाच म्हणत असूं.